ऑरनची पावलं

कारिगबेग, डोनेगल
मंगळवार, ६ मार्च २०१८

कोलमन,

तुझा पत्ता नोरीनने दिला. द्यायला का-कू करत होती. म्हणाली, "माझ्या भावाला शिव्या घालणार असशील तर नाही देत, डिंप्ना." मी म्हटलं, शिव्या घालायच्या असत्या तर फोन केला असता, ऐकणाऱ्याचा आवाज तरी कानावर आला असता. ती हसली नाही. बहीण कुणाची!

गेल्या आठवड्यात बर्फाने सगळं बंद पाडलं होतं. दुकानातला पाव संपला आणि एरवी चर्चमध्ये एकमेकांचे हात हातात घेणारी माणसं शेवटच्या लादीवरून भांडली. कारखाना बंद, बोटी बंदरात. मी घरात एकटी. चार दिवस कुणाशी बोलले नाही आणि पाचव्या दिवशी पोस्टात गेल्यावर माझाच आवाज मला घोगरा वाटला.

पोस्टात गेले म्हणूनच हे पत्र.

शनिवारी डब्लिनला मोर्चा आहे. तुला तिकडे बातम्या कळत असतीलच. मेअखेरीस सार्वमत. घटनेतली ती गर्भपातबंदीची आठवी दुरुस्ती ठेवायची की काढायची, पोटातलं बाळ आणि आई यांचा हक्क एका मापाने मोजायचा की नाही. इथे दुसरा विषय नाही. कारखान्यात आम्ही मासे पेट्यांत भरत असतो आणि एक टेबल दुरुस्ती काढा म्हणणाऱ्या होवाल्यांचं, एक टेबल ठेवा म्हणणाऱ्या नाहीवाल्यांचं. मी दोन्हींच्या मध्ये, बर्फाच्या यंत्रापाशी. तिथे आवाज इतका असतो की कुणी काही विचारत नाही.

तर पोस्टाच्या खिडकीत मोर्च्याचं पत्रक लावलंय. त्यावर तान्ह्या बाळाच्या दोन पावलांचे ठसे. खाली लिहिलंय, "तासाभराचं आयुष्यही आयुष्यच. नाही म्हणा."

डाव्या पावलाची करंगळी उमटलेली नाही.

शाई लावताना त्या नर्सकडून ऑरनची ती करंगळी सुटली होती. तिने दोन कागद केले होते, एक तुला, एक मला. माझा माझ्याकडे आहे. मी घरी येऊन पाहिला.

एवढंच विचारायचं आहे. तू दिलास का? मी रागावलेली नाही. फक्त हो की नाही ते कळव.

डिंप्ना


रविवार, ११ मार्च

कोलमन,

मोर्च्याला मी गेले होते. हो, मी. तुझं उत्तर यायला वेळ लागणार हे माहीत होतं, आणि घरात बसवेना.

चर्चच्या फाटकापाशी बस उभी होती. मला पाहून एकदम सगळेच बोलायला लागले. गेराटीबाई पुढच्या बाकावर होत्या. त्यांनी पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि म्हणाल्या, "ये गं, खिडकीशी बस. चौथीच्या सहलीत तू माझ्या नव्या बुटांवर ओकली होतीस, मी विसरले नाही."

खोटं कशाला बोलू, प्रवास छान झाला. कुंपणांच्या कडेला अजून बर्फ होतं. बाईंनी अंड्याचे सँडविच आणले होते, ते त्यांनी मला विचारल्याशिवाय हातात दिले. मागे पॅकी मॅकगिनली सगळ्यांना हसवत होता. "डब्लिनमध्ये चहा पिणार असाल तर आधी एक मेंढी विका!" जपमाळ झाली तेव्हा मीही ओठ हलवले. कुणीतरी माझ्या खांद्यावर शाल टाकली. इतक्या माणसांच्या श्वासात मी कितीतरी दिवसांत बसले नव्हते. आपण कशासाठी चाललोय हे अर्धा रस्ता मी विसरले होते.

डब्लिनला उतरलो तर रस्ता दिसेना, इतकी माणसं. बाबागाड्या, म्हातारे, अकॉर्डियन वाजवणारा एक जण, नन्स, शाळेतली पोरं. आज रेडिओवर दिवसभर तोच वाद चाललाय. एक म्हणतो लाख माणसं होती, दुसरा म्हणतो त्याच्या निम्मीही नव्हती, तिसरी म्हणते उत्तर आयर्लंडमधून बसगाड्या भरून आणली. कोण कशासाठी आलं होतं ते कुणी विचारत नाही. मला विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं?

आमच्या गावासाठी फलक एका गाडीतून उतरवले. गेराटीबाईंच्या वाट्याला ती पावलं आली. मोठी केलेली, कोलमन. माझ्या कमरेपासून डोक्यापर्यंत एकेक पाऊल. माझ्या तळहातावर दोन्ही मावली होती.

मी म्हटलं, "बाई, ही माझ्या मुलाची पावलं आहेत."

"हो गं," त्या म्हणाल्या. "आपल्या सगळ्यांचीच लेकरं ती."

"तसं नाही, बाई. माझ्या. ऑरनची. डावी करंगळी बघा."

त्यांनी मान वर करून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग त्या दांड्यासकट फलक असा हळूहळू खाली घेऊ लागल्या, झोपलेलं मूल खांद्यावरून उतरवावं तसा. मागची माणसं ढकलत होती. पिवळ्या जाकिटातला एक तरुण धावत आला. कॉर्ककडचा, बोलणं गाण्यासारखं. "आजी, फलक वर, फलक वर! टीव्हीवाले पुढे आहेत."

बाईंनी त्याला सांगितलं. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा खरोखर हळवा झाला, हे मी त्याच्या बाजूने सांगते. पण तोंडातून आलं ते असं, "वडिलांची परवानगी आहे आमच्याकडे. ऑस्ट्रेलियातून आली." आणि श्वास घेऊन पुढे, "काकू, तुम्ही व्यासपीठावर याल का? दोनच मिनिटं. तुमच्या तोंडून ऐकलं तर सगळ्या देशाला कळेल."

"अरे बाबा," बाई म्हणाल्या, "आधी त्या बाळाचं नाव तरी विचार."

तो लाल झाला. विचारलं त्याने. मी सांगितलं नाही.

मी रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहिले. तिथे काळ्या स्वेटशर्टातल्या होवाल्या मुली घोषणा देत होत्या. एक जण थेट माझ्या तोंडावर ओरडली, "आजी, माझ्या पोटाचा निर्णय घेणारी तू कोण?" आजी! पन्नाशी नाही उलटली अजून माझी. मला हसू आलं आणि तिला वाटलं मी तिला हसले. ती आणखी चिडली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तिचंही काहीतरी होतं, नक्की होतं.

बाईंनी फलकाचा कागद दांड्यावरून सोडवला, गुंडाळी केली आणि माझ्या हातात दिली. पण पुढे पाहिलं तर तीच पावलं गर्दीवर आणखी दहा-बारा ठिकाणी डोलत चालली होती. आपलं मूल कधी चाललं नाही, कोलमन. आणि काल चालत होतं.

म्हणजे तू दिलास. कळलं. उत्तराची घाई नाही.

मी अजूनही रागावलेली नाही. पेन कागदाच्या आरपार गेलंय ते टेबल खडबडीत आहे म्हणून.

डिंप्ना


मंगळवार, २४ एप्रिल

कोलमन,

तुझं उत्तर नाही. नोरीन म्हणते, पत्र मिळालंय, तू फोनवर सांगितलंस. मग ठीक.

आता पंचवीस मे ही तारीख पक्की झाली आहे. प्रत्येक खांबावर दोन्ही बाजूंची पोस्टरं. वाऱ्याने ती एकमेकांवर आपटतात आणि रात्रभर कुणीतरी टाळ्या वाजवतंय असं वाटतं.

मोर्च्याची गोष्ट गावात पसरली. एवढ्या लहान गावात दुसरं काय होणार! मागच्या रविवारी मेव्ह डॉर्नन घरी आली. तू तिला ओळखत नाहीस, औषधांच्या दुकानात आली आहे, तिशीची, हुशार. होवाल्यांची इथली प्रमुख. सोबत केक घेऊन आली, स्वतः केलेला, मधोमध बसलेला. मला तिथेच ती आवडली.

म्हणाली, "तुमच्यावर जे लादलं गेलं ते लोकांना कळलं पाहिजे, डिंप्नाताई. मूल जगणार नाही हे माहीत असताना चार महिने पोटात वाढवायला लावलं तुम्हाला. तुम्ही बोललात तर या जिल्ह्यात आपण जिंकू शकतो."

मी चहा ओतला. तिचं चुकत नव्हतं. तरी ती जिच्याबद्दल बोलत होती ती बाई मी नव्हते. मी म्हटलं, "तुला साखर किती?" ती समजली. जाताना दारात थांबून म्हणाली, "मी बरोबरच आहे असं मला वाटतं. पण मी आज यायला नको होतं." असं म्हणणारी माणसं मी फार पाहिली नाहीत.

काल सभागृहात जाहीर सभा झाली. दोन्ही बाजू एकाच मंचावर, मध्ये बोटीवाला हॅनिगन, अध्यक्ष म्हणून, कारण त्याला ऐकू कमी येतं आणि त्यामुळे तो निःपक्षपाती समजला जातो. गाव लोटलं होतं. मी तिसऱ्या रांगेत, गेराटीबाईंच्या शेजारी.

आधी बाहेरगावहून आलेला वकील बोलला, नाहीच्या बाजूने. चांगला बोलला. मग म्हणाला, "तुमच्याच गावात एक माता आहे. डॉक्टरांनी आशा सोडली, तिने नाही सोडली. श्रद्धेच्या बळावर तिने बाळाला जन्म दिला आणि तासभर छातीशी धरलं. तिला विचारा त्या तासाची किंमत!"

लोकांनी माना वळवल्या. मला वाटलं आता थांबेल. तर होच्या बाजूने लेटरकेनीहून आलेली एक बाई उठली. मेव्ह नव्हे, मेव्ह तिचा हात ओढत होती. ती म्हणाली, "त्याच मातेबद्दल मी बोलते! तिच्यापुढे पर्यायच नव्हता. या देशाने तिचं शरीर शवपेटी केलं."

शवपेटी म्हणाली, कोलमन. माझ्यादेखत.

मी उभी राहिले. उभं राहायचं असं ठरवलं नव्हतं, बसवेना एवढंच. हॅनिगन म्हणाला, "मोठ्याने बोल गं, डिंप्ना, मला ऐकू येत नाही." त्यामुळे मला ओरडून सांगावं लागलं. जे मी तुझ्याशीसुद्धा कुजबुजत बोलले होते ते सगळ्या गावासमोर ओरडून.

मी म्हटलं, "ती माता मी आहे. मी इथे आहे, तिसऱ्या रांगेत. तुम्ही दोघंही माझ्या डोक्यावरून बोलताय."

मी म्हटलं, "निम्मे दिवस भरले होते तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं की मूत्रपिंडं तयारच झाली नाहीत, फुप्फुसं वाढणार नाहीत. मी विचारलं, मग आता? त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. म्हणाले, इथे काही करता येत नाही. तुम्ही देशाबाहेर कुठे जाणार असाल तर मला सांगू नका. मला जायचंय की राहायचंय, मला काय हवंय, ते त्यांनी विचारलं नाही. घरी आले, फादर आले, त्यांनी धीर दिला. त्यांनीही विचारलं नाही. मी गेले नाही कारण मला त्याला भेटायचं होतं. आणि त्याच दिवसांत दुकानात बायका पोटाला हात लावून 'मुलगा की मुलगी, काय हवंय?' म्हणायच्या आणि मला तिथेच फरशीवर पडून ओरडावंसं वाटायचं. दोन्ही खरं आहे. यांनी एक घेतलं, त्यांनी दुसरं घेतलं. त्याचं नाव ऑरन होतं. तुमच्यापैकी कुणाला माहीत होतं?"

हॅनिगनला सगळं ऐकू आलं होतं. तो म्हणाला, "सभा संपली," आणि अजून चार वक्ते बाकी असताना लोक खरंच उठले.

घरी जाताना वाटलं होतं, बोलले, आता मोकळं वाटेल. तसं काही नाही झालं. आज कारखान्यात दोन्ही टेबलं माझ्याशी फार जपून बोलली, आजारी माणसाशी बोलतात तशी. एकीने माझी पेटी उचलून दिली, जी मी दहा वर्षं स्वतः उचलते. पूर्वी निदान कुणी मला कुठल्या बाजूची म्हणून चिडवायचं तरी. आता माझ्या आजूबाजूला जागा मोकळी असते.

एक मात्र झालं. गेराटीबाईंनी डब्लिनच्या कचेरीत रोज फोन करून ते पत्रक मागे घ्यायला लावलं. मला म्हणाल्या, "तिथल्या पोराला सांगितलं, मी चाळीस वर्षं मुलांना कान धरून उभं केलंय, फोनवरूनही करता येतं मला." पोस्टाच्या खिडकीत आता दुसरं चित्र आहे. त्याच्याकडेही मी पाहत नाही.

तू लिही किंवा लिहू नकोस. पण सही करताना मला एकदा विचारायचं होतंस. नाहीच म्हटलं असतं मी. तरी विचारायचं होतंस.

बरं. रागावले आहे मी. खूप.

डिंप्ना


रविवार, २७ मे

कोलमन,

झालं. देशाने हो म्हटलं, दोन तृतीयांश. आणि सगळ्या देशात नाही म्हणणारा एकच जिल्हा, आपला. तेही थोडक्यात. काल टीव्हीवर डब्लिनच्या किल्ल्याच्या अंगणात हजारो मुली रडत, नाचत होत्या. आणि निवेदक म्हणाला, "डोनेगल मात्र एकटा पडला." मी पडद्यासमोर म्हटलं, काय नवीन सांगतोस बाबा.

मतदान शाळेत होतं, आपण दोघं जिथे शिकलो त्याच खोलीत. आदल्या दिवसापासून मुलं विमानांनी घरी येत होती, लंडनहून, बोस्टनहून. पॅकी मॅकगिनलीची नात टोकियोहून आली आणि आजोबांच्या विरुद्ध मत देऊन त्यांच्याच गाडीतून घरी गेली. पॅकी म्हणाला, "एवढा खर्च करून माझं मत खोडायला आली. पोस्टाने कळवलं असतं तर मी घरीच बसलो असतो." रात्री दोघं पबमध्ये शेजारी बसून जेवली.

तू आला नाहीस. इतकी वर्षं बाहेर असल्यावर तुला मत नव्हतंच, ते माहीत आहे. तरी बसगाड्या आल्या की मी खिडकीपाशी जात होते. हे कुणाला सांगितलेलं नाही.

मी हो म्हटलं. तुला सांगते, कारण दुसऱ्या कुणाला सांगणार नाही. मी त्या तासाविरुद्ध मत नाही दिलं. तो तास मला कुणी परत दिला तर मी तो पुन्हा तसाच घेईन, सगळ्या महिन्यांसकट. पण माझ्यानंतर त्या खुर्चीत जी कुणी बसेल तिला डॉक्टरांनी खिडकीकडे नाही, तिच्याकडे पाहून विचारावं, एवढ्यासाठी दिलं. तू नाही म्हटलं असतंस हे मला माहीत आहे. त्यावरून आपण आता भांडणार नाही. फार लांब आहे.

निकाल लागल्यावर गेराटीबाई आल्या. दारातच उभ्या राहिल्या, डोळे सुजलेले. म्हणाल्या, "तू काय दिलंस ते मला सांगू नकोस, नाहीतर मला तुझ्यावर रागवावं लागेल आणि मला जाण्याजोगं दुसरं घर नाही." तेव्हा माझ्या ध्यानात आलं की त्याही एकट्याच राहतात. इतकी वर्षं शेजारच्या गल्लीत. नवरा गेल्यापासून संध्याकाळी बोलायला कुणी नाही, म्हणून त्या बसमध्ये दोन माणसांचे सँडविच घेऊन बसतात.

मी त्यांना आत घेतलं. टीव्ही बंद केला. आम्ही बटाटे उकडले, लोणी लावून खाल्ले आणि सार्वमताबद्दल एक अक्षर बोललो नाही. आता दर शनिवारी यायचं ठरलंय.

डिंप्ना


रविवार, १७ जून

कोलमन,

तुझं पत्र आलं. तीन वेळा वाचलं. तुझं अक्षर अजून तसंच आहे, उजवीकडे पडणारं, वाऱ्यात उभ्या माणसासारखं.

तू लिहिलंस की खाणीत तुझ्याबरोबर काम करणाऱ्यांना वाटतं तुला मूल नाही. लिहिलंस की पर्थला आपल्या लोकांच्या प्रार्थनेनंतर चहाच्या वेळी एका माणसाने विचारलं, "तुमच्या घरी कोण आहे?" आणि तू नऊ वर्षांत पहिल्यांदा ऑरनचं नाव कुणाला सांगितलंस, आणि तो माणूस ऐकत राहिला. त्याने कागद पाहायला मागितला तेव्हा तुला एवढंच वाटलं की कुणालातरी आपल्या मुलाला पाहायचंय. सही केलीस तेव्हा तो त्याचं पुढे काय करणार हे तू नीट वाचलंही नाहीस.

तुला कुणीतरी विचारलं. मी यावर कशी रागावू?

मग ते दुसरं. तू म्हणतोस, "तास तुझ्याकडे होता, डिंप्ना. मी फादरना आणायला धावलो, ते वाटेत अडकले होते, मी इस्पितळाच्या दारात पावसात उभा राहिलो आणि आत आलो तेव्हा थोडाच वेळ उरला होता. बाप्तिस्मा झाला, पण मला माझा मुलगा भेटलाच नाही. माझ्याकडे फक्त पावलं होती."

हे मला माहीत नव्हतं, कोलमन. म्हणजे तू बाहेर होतास हे माहीत होतं. तू त्याचा असा हिशेब मनात धरून बसलायस हे नव्हतं माहीत. मला इतकी वर्षं वाटत आलं की तुला आत राहवलं नाही म्हणून तू गेलास. आणि तुला वाटत आलं की मी तो तास दाराआड लपवला. दोघं एकाच घरात तीन वर्षं या दोन गोष्टी पोटात घेऊन जेवलो, झोपलो, आणि मग तू विमानात बसलास.

तर आता सांगते. हे मी आईला सांगितलं नाही, फादरना नाही, सभेतही नाही. माझ्याजवळचं हे एकच होतं ज्याला कुणाचा हात लागला नव्हता, म्हणून.

तू फादरना आणायला गेलास त्यानंतर नर्सने त्याला माझ्या छातीवर ठेवलं आणि पडदा ओढला. तो रडला नाही, रडायला श्वास नव्हता. डोळे मिटलेले. केस तुझ्यासारखे, कपाळावर भोवरा. मला वाटलं एवढंच, आता तो असाच शांत जाईल. आणि मग त्याला उचकी लागली.

छोटीशी. सगळं अंग हलायचं तिने. पोटात असतानाही लागायची, आठवतं? तू हात ठेवायचास आणि म्हणायचास, बघ, दार वाजवतोय. तीच. थोडं थांबून पुन्हा एक. पुन्हा एक. नर्स हसली आणि मी हसले, कोलमन. त्या खोलीत मी हसले. तुला वाटत असेल तिथे फक्त रडणं होतं.

बराच वेळ चालली. मी त्याच्या पाठीवर हात ठेवून होते. तू येशील तेव्हा तुला दाखवू असं म्हणत दाराकडे बघत होते.

मग बाहेर तुझी पावलं वाजली, तू भिजलेला दारात आलास, आणि उचकी थांबली.

डिंप्ना